नऊशे तेरा गाठी

जगात अशी गाठ नाही जी माझ्या हातून सुटली नाही! तुम्ही म्हणाल, सुरुवातीलाच बढाई? बढाई नाही हो, बावीस वर्षांचा अनुभव आहे. मी पार्सल विभागात असतो. एखाद्या पार्सलचा पत्ता चुकला, वजन जास्त भरलं, कोपरा फाटला, की ते माझ्या टेबलावर येतं. पुन्हा बांधायचं तर आधी सोडावं लागतं. हाताखालची मंडळी सरळ कात्री लावतात. मी नाही! आमचे वडील म्हणायचे, "कात्री कुणीही चालवील. सोडवील तो खरा!" म्हणून आमच्या घरात आजवर सुतळीचा तुकडा कापला गेलेला नाही. सोडवलेल्या सुतळ्यांचे तीन डबे आहेत, लांबीप्रमाणे लावलेले. त्यांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो.

तर या कलेने मी माझ्या बायकोचं कसं भलं केलं, त्याची ही हकिकत.

आमची ही एकोणीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. दरवर्षी चारशे मुलांच्या घर-डोंगर-सूर्याखाली लाल पेनाने 'छान' लिहून हिचं मनगट धरतं. पण हिचं स्वतःचं काम कधी कुठल्या भिंतीवर लागलं नव्हतं. यंदा लागणार होतं! 'बदलता समाज: समकालीन भारतीय कलेतले सात आवाज' असं भलंमोठं प्रदर्शन, आणि सातांतला एक आवाज आमच्या घरातला! मी ऑफिसात पेढे सोडून सगळं वाटलं. म्हणजे बातमी वाटली. शेवटी बाई पुढे जाते ती घरच्यांच्या पाठिंब्यावर. मी हिला कधी नाही म्हणालो नाही. काय करतेस असंही कधी विचारलं नाही, पण नाही म्हणालो नाही!

उद्घाटन संध्याकाळी पाचला. त्या दिवशी ही सकाळी आठलाच भिंतीला हुक ठोकायला निघाली. जेवणाच्या टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला.

"अहो, नीट ऐका. दीड वाजता टॅक्सी बोलवा आणि हा खोका घेऊन दालनात या. चारच्या आत काम भिंतीवर नसेल तर संयोजक बाई नाव यादीतून काढतात. मागच्या वर्षी एकाचं काढलंय."

"अगं, मी रोज दोनशे पार्सलं पोचवतो!"

"खोका उघडू नका. आणि दुसरं काही म्हणजे काही करू नका."

"मी काय लहान आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि पायात चपला अडकवल्या. दारातून पुन्हा वळून म्हणाली, "अहो, मला याची फार भीती वाटतेय. चांगलं होऊ दे." एवढ्या वर्षांत हिने स्वतःला कशाची भीती वाटते हे सांगितलेलं मला तरी आठवत नाही. मला भरून आलं. आपण हिच्यासाठी काहीतरी करायलाच हवं, असं मला वाटलं. सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला.

कारण 'काही करू नका' हे मला जमतच नाही. पेपर वाचला. उलटा धरून कोड्याची उत्तरंही वाचून झाली. नळाचा वायसर घट्ट केला, तर तो गळायला लागला. सैल केला, तर थांबला. घड्याळात पाहिलं: नऊ वाजायला दहा! मग मी खोक्याभोवती फेऱ्या मारू लागलो.

"बस की जरा एका जागी!" आई तिच्या खुर्चीतून ओरडली. "मला भोवळ येतेय."

आता मला सांगा, खोक्यावर चिकटपट्टी एकच, आणि तीही तिरकी. असलं पार्सल मी परक्याकडून घेतलं नसतं, मग बायकोचं घेईन? टॅक्सीत खोका उघडला, आतली वस्तू रस्त्यावर पडली, तर? नुसतं आत नीट भरलंय का ते बघायचं आणि वरून दोन पट्ट्या मारायच्या, एवढाच माझा हेतू होता. देवाशपथ!

उघडलं. आत चित्र नाही, मूर्ती नाही. नुसती दोरी! पांढरी सुती दोरी, भाराभर, आणि तिला गाठींवर गाठी, गाठींवर गाठी! प्रत्येक गाठीत रंगीत दोऱ्याचा एकेक तुकडा अडकलेला, कुठे निळा, कुठे पिवळा, कुठे लाल.

 म्हणजे चित्र तिकडे आधीच गेलंय, आणि ही त्याला टांगायची दोरी! शिवणाच्या पिशवीत पडून पार वाट लागलेली. बिचारीला सोडवायला वेळ झाला नाही, लाजेने मला सांगितलं नाही, आणि वर म्हणते, उघडू नका!

"आई, बघितलंस का? सुनेची दोरी!"

आईने चष्म्यावरून पाहिलं. "अरे देवा. सोडव बाबा, सोडव. तेवढंच तिच्या मदतीला. तुला तेवढंच तर येतं."

मी बाह्या सरसावल्या. गाठी साध्या होत्या, एकपदरी. नखाने सैल करायची, अंगठ्याने ढकलायची, ओढायची. मिनिटाला चार! मध्येच दहाएक गाठी एकावर एक चढलेल्या, रागाने मारल्यासारख्या आवळलेल्या. त्याही सोडवल्या. दोऱ्यांचे तुकडे मी फेकले नाहीत बरं का. तीन वाट्या घेतल्या, निळे एकीत, पिवळे दुसरीत, लाल तिसरीत. माझ्या हातून वर्गवारी चुकत नाही. निळी वाटी लवकर भरली, तिच्या जागी पातेलं घेतलं.

पावणेएक वाजता शेवटची गाठ सुटली. पाठीचं धनुष्य झालं होतं, पण दोरी? साबुत! मी तिच्यावर हलकी इस्त्री फिरवली आणि सुबक गुंडाळी केली. हिचा चेहरा कसा खुलेल, ते माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं.

तेवढ्यात दार उघडून आमची कन्या आली. दहावीत आहे, पण घरात तिला सगळे वकीलबाई म्हणतात, कारण तिच्याशी वाद घालून अजून कुणी जिंकलेलं नाही. शाळा लवकर सुटली म्हणून ती दालनावर जाऊन आईचा डबा देऊन आली होती. हातात प्रदर्शनाची घडीपत्रिका.

"बाबा, आजी, ऐका! आईबद्दल छापून आलंय!" आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'कलाकृतीचं नाव: अगं. माध्यम: सुती दोरी. चाळीस दिवसांत घरातल्या माणसांनी दुसऱ्या खोलीतून मला मारलेल्या हाका. प्रत्येक हाकेला हातातलं काम थांबवून मारलेली एक गाठ. एकूण नऊशे तेरा. निळ्या नवऱ्याच्या, पाचशे एकसष्ट. पिवळ्या सासूबाईंच्या, दोनशे चार. लाल मुलीच्या, एकशे अठ्ठेचाळीस...'"

ती थांबली. तिने टेबलावरची गुंडाळी पाहिली. वाट्या पाहिल्या. पातेलं पाहिलं.

"बाबा. हे काय आहे?"

"दोरी," मी म्हणालो. 

"गाठी कुठायत?"

"सोडवल्या."

"किती?"

"सगळ्या."

 तुम्ही विचाराल, चाळीस दिवस बायको घरात गाठी मारतेय आणि तुम्हाला दिसलं कसं नाही? अहो, हाक मारणारा दुसऱ्या खोलीत असतो. म्हणून तर हाक मारतो!

पहिल्यांदा तोंड फुटलं ते आईला. "दोनशे चार? मी? मी कुठे एवढ्या हाका मारते? मी तर दिवसभर तोंड मिटून बसलेली असते!"

"आजी, चाळीस दिवसांत दोनशे चार म्हणजे दिवसाला पाच."

"पाच तर माझ्या औषधांच्याच होतात. त्या धरायच्या नाहीत!"

"माझ्या तरी कशा एकशे अठ्ठेचाळीस?" वकीलबाई आता स्वतःच्या खटल्याकडे वळली. "आई, मोजे कुठायत, ही हाक नाही. ती चौकशी आहे!"

मी बोटांवर भागाकार करत होतो. पाचशे एकसष्ट! दिवसाला चौदा! मी ऑफिसात असतो नऊ तास, झोपतो सात. उरलेल्या आठांत चौदा! मी पातेल्याकडे पाहिलं, पातेलं माझ्याकडे पाहत होतं.

"वाद नंतर!" मी ओरडलो. "पुन्हा बांधायच्या! तिघांनी मिळून! चारच्या आत! तिला कळता कामा नये!"

टॅक्सी आली. मागच्या सीटवर आम्ही तिघं, दोरीचं एक टोक माझ्याकडे, एक कन्येकडे, मधला भाग आईच्या मांडीवर. पायांत वाट्या. एकेक तुकडा घ्यायचा, गाठीत धरायचा, ओढायचा. सोडवायला मिनिटाला चार, पण बांधायला? बोटं ऐकेनात! बावीस वर्षांत कुणी मला गाठ मारताना घाई केली नव्हती.

"काय विणताय?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"पुरावा," वकीलबाई म्हणाली.

सिग्नल लागला. मी पातेल्यात हात घातला. निळे संपेचनात! आणि तिथे, खोटं कशाला बोलू, माझी मती फिरली. मूठभर तुकडे उचलले आणि खिशात टाकले. तेवढाच वेळ वाचेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण मला त्या आकड्याकडे बघवत नव्हतं.

मी हिला फोन लावला. "अगं, टॅक्सी कुठल्या गल्लीत वळवू?"

सांगितलं तिने. दोन मिनिटांनी पुन्हा. "अगं, मागचं दार आहे का गं तिथे?" मग, "अगं, आईच्या चष्म्याचं घर तू कुठे ठेवलंस?" मग, "अगं, पोचलोच हं!"

"खोका बरा आहे ना?" तिने विचारलं.

"एकदम! हात नाही लावला!"

फोन ठेवला तर कन्या माझ्याकडे टक लावून बघत होती. "बाबा, एवढ्या रस्त्यात चार झाल्या."

"काय चार?"

तिने पुढचा तुकडा उचलला. खाली वाकून गाठ मारू लागली.

दालनाच्या मागच्या दाराने आम्ही सामानाच्या खोलीत घुसलो. सव्वादोन. बसायला काही नाही, फक्त कोपऱ्यात एक उंच, तीन पायांची, मोडक्या फळ्यांची खुर्ची. आई तिच्यावर जाऊन बसली. इतक्यात एक दाढीवाला धावत आला, अंगभर भुसा.

"आजी, उठा! ते माझं शिल्प आहे! 'सत्ता' नाव आहे त्याचं!"

"असू दे की. बसायला बरं आहे."

"त्यावर कुणी बसायचं नाही!"

"मग खुर्ची कशाला केलीस?"

 दाढीवाला भिंतीला टेकून, एका डोळ्याने तिसरा पाय न्याहाळत उभा राहिला. आम्ही बांधत होतो. मी घड्याळाकडे पाहिलं की गाठ चुकायची, गाठीकडे पाहिलं की घड्याळ पुढे पळायचं. सव्वातीन वाजले तरी पातेल्यात तळ दिसेना. बाहेर हिचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होती, "येतीलच आता, वेळेचे पक्के आहेत." ते ऐकून मला स्वतःची शरम वाटली. अगदी मनापासून.

"तिला कळता कामा नये," मी पुन्हा कुजबुजलो. "कुणी आवाज करू नका."

दोन मिनिटं गेली. आणि मग आईने मान वर केली, घसा साफ केला, आणि नेहमीच्या, खणखणीत, तीन खोल्या ओलांडणाऱ्या आवाजात म्हणाली, "सूनबाई! पाणी आण गं जरा!"

दार उघडलं. ही दारात. हातात पाण्याचा पेला! आधी सवयीने पाणी आणलं होतं, मग तिच्या लक्षात आलं असावं की आपण घरी नाही. तिने आम्हाला पाहिलं. माझ्या हातातला दोरीचा कोरा भाग पाहिला. पातेलं पाहिलं.

"सोडवल्यात?" तिने विचारलं. बस्स, एवढंच.

"मला वाटलं टांगायची दोरी आहे. तुला मदत..."

"इस्त्रीसुद्धा केलीत."

"हलकीच."

मला वाटलं आता आभाळ फाटणार. पण तिने पेला आईच्या हातात दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला रडायला येतंय," ती म्हणाली. "पण आत्ता वेळ नाही. किती राहिल्या?"

"शंभर-सव्वाशे," कन्या म्हणाली. "आई, तू पण बांधतेस का? लवकर होईल."

"नाही. मी एकदा बांधल्यात." आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली, संयोजक बाई आत येऊ नयेत म्हणून.

पावणेचारला शेवटचा तुकडा संपला. मी दोरी उचलली तर मागून खुर्चीही निघाली! आईने मधल्या ऐंशी गाठी 'सत्ता'च्या हातातून दोरी ओवून मारल्या होत्या. वर आई बसलेली ती बसलेलीच!

"कापा!" दाढीवाला किंचाळला.

"कापायची नाही!" मी त्याहून मोठ्याने किंचाळलो. "मी सोडवतो!"

"तुम्ही," ही म्हणाली, "कशालाही हात लावू नका." ती पुढे झाली, सासूबाईंना हाताला धरून उठवलं, खुर्चीचा लाकडी हात वर उचलून खोबणीतून काढला, दोरी सरकवून बाहेर घेतली, हात पुन्हा बसवला. अर्धं मिनिटही लागलं नाही. दोरी खांद्यावर टाकून ती निघाली. चारला एक मिनिट कमी असताना नऊशे तेरा हाका भिंतीवर चढल्या. म्हणजे, पत्रिकेप्रमाणे नऊशे तेरा.

पाच वाजता माणसांची रीघ लागली. काय सांगू तुम्हाला! वरच्या हुकापासून जमिनीपर्यंत वेढे घेत आलेली ती दोरी, आणि तिच्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी! बायका पाटी वाचायच्या, मग शेजारच्या नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणायच्या, "वाचा." नवरे वाचायचे आणि एकदम पलीकडच्या भिंतीवरचं काहीतरी बघायला निघून जायचे. ही कोपऱ्यात उभी होती, चारसहा जणींशी बोलत. लग्न झाल्यापासून मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. अभिमान वाटला, आणि घामही फुटला.

एका गृहस्थांनी मला विचारलं, "हे निळे म्हणजे कोण हो?"

"असतील कुणीतरी नातेवाईक," मी म्हणालो, आणि घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला.

रुमालाबरोबर निळे तुकडे आले. एक नाही, दोन नाही, मूठभर! पांढऱ्याशुभ्र फरशीवर माझ्याभोवती पसरले. गृहस्थ दोन पावलं मागे सरले. कन्येने डोक्याला हात लावला. आणि गर्दीतून वाट काढत ही आली.

"किती आहेत?"

"चाळीसेक असतील."

"का?"

सगळे ऐकत होते. सबब सुचेना. "पाचशे एकसष्ट..." मी म्हणालो. "ते वाचून मला बरं वाटलं नाही गं."

"मलाही बरं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "बांधताना."

मग तिने दोरीच्या खालच्या टोकाकडे बोट केलं. "तिथे हातभर जागा आहे. बांधा."

आणि ती पुन्हा पलीकडच्या कोपऱ्यात गेली. मी गुडघे टेकले. माझ्याभोवती कोंडाळं झालं. एक, दोन, तीन... लोक मोजायला लागले! मी मान खाली घालून बांधत होतो. एकोणचाळीसाव्या गाठीपर्यंत एकही चुकली नाही. चाळीसावा तुकडा घेतला, आणि दोरीचं टोक सापडेना. वेढ्याखाली गेलं होतं की कुणाच्या पायाखाली, कोण जाणे. मी इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं, आणि मान वर न करता म्हणालो,

"अगं, टोक कुठे गेलं बघ ना जरा!"

 मग चारी भिंतींकडून, ओळखीच्या-अनोळखी सगळ्या बायकांचा एकच आवाज आला:

"पाचशे बासष्ट!"

टोक माझ्याच गुडघ्याखाली होतं. चाळीसावी गाठ मारली. आता आणखी एक मारायची तर निळा दोरा हवा, आणि तो संपला होता. घरात निळ्या दोऱ्याचं रीळ असतं, हे मला माहीत आहे. कुठे असतं, ते विचारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.